बटणकाकूंची शांतता

"तुला बोलायला सुरुवात करता येते रे, थांबता येत नाही! मुलाखतीत साहेबांनी फक्त नाव विचारलं होतं. नाव! आणि तू त्यांना आजोबांच्या सायकलीपर्यंत नेऊन सोडलंस."

"पण ताई, नावामागे गोष्ट आहे ना! आजोबांची सायकल चोरीला गेली नसती तर माझं नाव..."

"बघ! झालं पुन्हा सुरू!"

भांडण बहीणभावाचं, आणि तेही ट्रंक कॉलवरचं. ती या गावात, तो त्या गावात, आणि मधे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उंच स्टुलावर बसलेली एक मुलगी. लाइन लागली की नाही एवढंच ऐकायचं आणि कान काढून घ्यायचा, असा नियम होता. नियम नियमाच्या जागी आणि कान कानाच्या जागी. सायकल ऐकली आणि मुलगी खुदकन हसली. ऐकण्याची किल्ली आपण वर करायची विसरलोय, हे तिच्या हसून झाल्यावर लक्षात आलं.

तारेवर एकदम सामसूम झाली.

"ताई," तिकडून तो म्हणाला, "तू तर चिडलीयेस. मग हसलं कोण?"

मुलीने घसा साफ केला. "वेळ संपली. वाढवू का?"

"अहो बाई, कट करा त्याला," ताई ओरडली. "तुमच्याकडे निदान बटण तरी आहे. आमच्याकडे तेही नाही!"

"वाढवा," तो म्हणाला. "वाढवतच राहा."

कट करणं नियमाला धरून होतं, पण तिने वेळ वाढवली. पुढे तो त्या हसण्याचा पत्ता काढत एक्स्चेंजच्या दारात आला, दारावरच्या पहारेकऱ्याला सायकलची गोष्ट सांगत बसला आणि पहारेकऱ्याने वैतागून तिलाच बाहेर बोलावलं. लग्न कसं जमलं म्हणून कुणी विचारलं, तर ती म्हणायची, "पहारेकऱ्याची सुटका करायला दुसरा इलाज नव्हता."

इथून पुढे तिला काकू म्हणायला हरकत नाही. बटणकाकू. एक्स्चेंज बंद पडलं, तारा गेल्या, तारा जोडायच्या पिना गेल्या, पण बोटांची सवय थोडीच जाते? गल्लीच्या टोकाला हौशी नाटकवाल्यांचा एक संच होता. दिवसा कुणी दात उपटायचं, कुणी पोस्टात शिक्के मारायचं, आणि संध्याकाळी सगळे राजे, भिकारी, खुनी व्हायचे. त्यांचा म्होरक्या शाळामास्तर होता. त्याला पडद्यामागे आवाज आणि दिवे सांभाळणारं माणूस हवं होतं. काकू एकदा सहज डोकावायला गेल्या आणि विंगेतल्या खुर्चीवर बसल्या, त्या बसल्याच. डाव्या हाताखाली दिव्यांची बटणं, उजव्या हाताखाली आवाज. आधी टेपची यंत्रं होती, मग तबकड्या आल्या, मग एक लॅपटॉप आला. त्याच्यात गाणी वाजवायचा प्लेयर होता. काकूंनी नाटकातले सगळे आवाज त्याच्यात ओळीने लावून ठेवले: टकटक, वादळ, कुत्रा, तान्हं बाळ, घोडा, घड्याळाचे ठोके.

या प्लेयरची एक खोड काकूंना फार आवडायची. आतल्या मेनूत एक बारकी चौकट होती. तिच्यावर खूण केली की एक आवाज वाजला, की तो गडी आपणहून थांबायचा. टकटक झाली की गप्प. पुढचं बटण दाबलं की वादळ, मग पुन्हा गप्प. "माझ्या आयुष्यात वेळच्या वेळी गप्प बसलेला हा पहिला पुरुष," काकू म्हणायच्या, आणि काका पुढच्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने हसायचे. काका म्हणजे तोच तो सायकलवाला.

पण काळ काय आणि लॅपटॉप काय, कुणासाठी थांबतात? एक दिवस तो लॅपटॉप पांढरा पडदा दाखवून निजला, तो उठलाच नाही. दुरुस्तीवाल्याने दुसरा दिला, हलका, चकचकीत, आणि त्यात प्लेयरची नवी आवृत्ती घालून दिली. तेव्हा मास्तरांच्या नव्या नाटकाची तालीम चालू होती. पोस्टातल्या बाई नायिका होत्या. त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "तो आता कधीच येणार नाही!" काकूंनी टकटक वाजवली. टकटक झाली आणि तिच्या पाठोपाठ वादळ, कुत्रा, तान्हं बाळ, आणि काकूंचं बोट बटणावर पोचेपर्यंत घोडासुद्धा खिंकाळला.

मास्तरांनी वही मिटली. "काकू, दारात नक्की कोण आलंय? घोड्यावर बसून बाळ?"

सगळे हसले. काकूही हसल्या. पण हसताना त्यांनी उजवा हात मांडीखाली घेतला. गेल्या वर्षापासून त्या हाताची बोटं सकाळी उठल्यावर मुठीतच राहायची, कोमट पाण्यात धरली की हळूहळू उमलायची. ज्या बोटांनी एके काळी दोन गावं डोळ्याचं पातं लवेपर्यंत जोडली, ती आता बटणावर जायला उशीर करत होती. आजवर तो उशीर झाकला जायचा, कारण जुना गडी आपणहून थांबायचा. आता झाकायचं कशाने?

त्या तडक दुरुस्तीवाल्याकडे गेल्या.

"काकू, नवी आवृत्ती आहे. रंग बघा, चित्रं बघा."

"थांबते का?"

"थांबते ना. हे काय थांबवायचं बटण."

"ते मी थांबवलं तर. आपली आपण थांबते का? इथे एक चौकट होती."

दुरुस्तीवाल्याने मेनू उघडले, मेनूतले मेनू उघडले, डोकं खाजवलं. "ती काढलीय वाटतं."

"का?"

"कुणी वापरत नसेल म्हणून."

"कुणी म्हणजे कोण? मला विचारलं होतं का कुणी?"

"जुनी आवृत्ती घालतो म्हटलं, तर या मशीनला ती पचत नाही, काकू. तीनदा घातली, तीनदा ओकली."

कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणतात ते असल्यांनाच. पण काकू हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. प्लेयर एकच, पण ज्याच्या घरी जावं त्याच्याकडे त्याची वेगळी आवृत्ती, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग कुठेतरी ती चौकट शिल्लक असेलच की! त्यांनी घरोघर जाणं सुरू केलं. चहा घ्यायचा, पोराबाळांची चौकशी करायची, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणायचं, "जरा तुमचा प्लेयर दाखवा बघू."

शेजाऱ्यांच्या टीव्हीतल्या आवृत्तीत अक्षरं अशी मोठी, की रस्त्यापलीकडून वाचावीत, पण थांबायचं नाव नाही. दातांच्या डॉक्टरांकडे काकू खोटंखोटं दाढ दुखतेय म्हणून गेल्या. हे डॉक्टर नाटकात नायक होते.

"काकू, तोंड उघडा."

"आधी तुम्ही मेनू उघडा."

डॉक्टरांच्या आवृत्तीत गाणं हळू करता यायचं, अगदी मुंगीच्या पावलाने, आणि तरी आवाज घोगरा होत नसे. फार गुणाची, पण थांबायची चौकट नाही. शेवटी डॉक्टरांनी तोंडात डोकावलं, तर दाढ खरोखरच किडलेली निघाली. काकू चौकट शोधायला गेल्या आणि दाढ भरून आल्या.

मग त्या नणंदेकडे गेल्या. ही तीच, सायकलीवरून भावाला झापणारी ताई. आता तिची कवळी होती, पण धार तीच. ताईच्या फोनमधल्या आवृत्तीत झोपेचं घड्याळ निघालं. वेळ लावून ठेवली की आपोआप बंद. काकूंचा चेहरा फुलला. लावून पाहिलं, तर ते घड्याळ वेळ झाली की जिथे असेल तिथे बंद पडायचं, घोड्याच्या अर्ध्या खिंकाळीतसुद्धा.

"एकीला डोळे दिलेत, एकीला चाल दिलीय, एकीला झोप दिलीय," काकू म्हणाल्या. "सगळं एकीत घालायला काय झालं होतं? एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"अगं, माझा भाऊ तुझ्या गळ्यात मारला तेव्हा थांबायचं बटण मीही शोधलं होतं," ताई म्हणाली. "आतून बाहेरून बघितला. घालायचंच राहिलंय, दुसरं काय!"

दोघी हसून हसून थकल्या. पण घरी येताना काकूंची पावलं जड होती, कारण सकाळीच मास्तरांनी त्यांना बाजूला घेतलं होतं. मास्तर वाईट माणूस नव्हे, म्हणून तर ते जास्त लागलं. "काकू, नव्या सभागृहात त्यांचा स्वतःचा माणूस असतो आवाजाला. हा एक खेळ बघू कसा होतो. नाहीतर पुढच्या नाटकाला तुम्ही समोर बसा की मजेत. इतकी वर्षं नाटक पाठीमागून पाहिलंत, एकदा पुढून बघा."

पुढून बघा! नाटक पाठीमागून बघण्यात काय आहे, हे पुढे बसणाऱ्याला काय कळणार? राजा विंगेत येऊन नाक शिंकरतो, मेलेला माणूस पाणी मागतो, आणि अंधारात सगळ्यांचे डोळे आपल्या बोटाकडे लागलेले असतात. ती खुर्ची जायची म्हणजे काकूंना एक्स्चेंज दुसऱ्यांदा बंद पडल्यासारखंच होतं.

जेवताना काका कुठल्याशा मित्राच्या छत्रीची गोष्ट सांगत होते. काकूंचं लक्ष नव्हतं. त्यांनी सवयीने काकांच्या ताटात वाढलं. काकांनी घास घेतला. घर शांत झालं. घास संपला, छत्री पुन्हा सुरू. काकूंनी पुन्हा वाढलं. पुन्हा शांत.

काकूंचा हात वाढता वाढता थांबला.

"अहो, तुम्हाला थांबायचं बटण नाही."

"नाही ना," काका अभिमानाने म्हणाले.

"पण तोंडात घास असला की तुम्ही गप्प असता."

"मग काय घास थुंकून बोलू?"

तेच करायचं. त्या प्लेयरच्या तोंडात घास द्यायचा! टकटक झाली की त्याच्यापुढे शांततेचा एक भलामोठा घास. तो बापडा चावत बसेल आणि आपल्याला वाटेल तेव्हा पुढच्या आवाजाचं बटण सावकाश दाबावं. बोटाला उशीर झाला तरी बिघडत नाही. शांतता थोडी लांबेल, एवढंच.

आता शांतता आणायची कुठून? दुसऱ्या कुणी काहीच नसलेली रिकामी फाइल बनवून घेतली असती. पण काकूंचे कान तारेवर मुरलेले. तार मेली की कानात कशी पोकळी होते आणि तार जिवंत असून माणूस गप्प असला की कसं भरल्यासारखं वाटतं, हा फरक त्यांना पक्का माहीत होता. नाटकाला मेलेली शांतता चालत नाही. लोकांना वाटतं, यंत्र बिघडलं. शांतता राहत्या घरची हवी.

म्हणून दुपारी काका डुलकी घेत असताना काकूंनी फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं, दार हलकेच ओढून घेतलं आणि गच्चीवरचे वाळलेले कपडे आणायला गेल्या. कपड्यांच्या घड्या घालून, शेजारणीशी चार शब्द बोलून परत आल्या, रेकॉर्डिंग बंद केलं. सुरुवातीचं थोडं ऐकलं. फ्रीजची बारीक घरघर, भिंतीवरचं घड्याळ. अगदी हवी तशी. पुढचं त्यांनी ऐकलं नाही. शांतता काय ऐकायची? प्रत्येक आवाजाच्या पुढे त्यांनी तोच घास लावून टाकला.

रविवारी दुपारी खेळ होता. नवं सभागृह भरलं होतं. काका पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर होते. सभागृहाचा माणूस हाताची घडी घालून विंगेत उभा होता, मास्तर वही घेऊन. काकू खुर्चीवर बसल्या. टकटक झाली, आणि त्यांच्या घरातली दुपार त्या सभागृहात पसरली. पोस्टातल्या बाई मन लावून रडल्या. काकूंनी सावकाश बटण दाबलं. वादळ. पुन्हा घास. कुत्रा, बाळ, घोडा, सगळे रांगेत शहाण्यासारखे आले. पहिला अंक झाला, दुसरा झाला. मास्तरांनी लांबून मान हलवली. काकूंना वाटलं, जिंकलो.

शेवटचा प्रवेश असा होता. बापलेकांत आयुष्यभर अबोला. बाप जातो. मुलगा, म्हणजे आपले दातांचे डॉक्टर, बापाच्या रिकाम्या खुर्चीपुढे गुडघे टेकतो आणि म्हणतो, "बाबा, सगळा जन्म गेला, तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आज तरी एक शब्द बोला!" मग घड्याळाचे ठोके. मग शांतता. मग मुलाचं लांबलचक भाषण, ज्यासाठी डॉक्टर महिनाभर रोग्यांच्या तोंडात यंत्र घालून पाठांतर करत होते.

ठोके झाले. शांतता सुरू झाली. आणि डॉक्टर भाषण विसरले.

तोंड उघडं, शब्द नाही. मास्तर वहीची पानं उलटायला लागले, तर दोन पानं चिकटलेली. सभागृह श्वास रोखून बघतंय, लोकांना वाटतंय काय अभिनय आहे! काकूंच्या घरची शांतता लांबत चालली, इतकी लांबली, की काकूंनी कधी ऐकलीच नव्हती तिथपर्यंत जाऊन पोचली.

आणि रिकाम्या खुर्चीच्या मागून, भल्यामोठ्या स्पीकरमधून, झोपेतून उठलेला एक म्हातारा आवाज आला:

"अगं ए... माझा चष्मा कुठे ठेवलास?"

सभागृहात एक बाई किंचाळली. मास्तरांच्या हातून वही पडली. पुढच्या रांगेतून काका शेजारच्याला कुजबुजले, आणि काकांचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्यांचं ओरडणं, "अहो, हा मी!"

काकूंचं बोट बटणावर गेलं. एक दाब, की सगळं कट झालं असतं. पण तेवढ्यात डॉक्टरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. लहान मुलासारखा.

"बाबा," डॉक्टर हळूच म्हणाले, "कपाळावर आहे."

लोक फस्सकन हसले. काकूंनी बोट उचललं. बटणावरून पार बाजूला घेतलं. वाढवू का? वाढवलीच.

स्पीकरमध्ये पलंग कुरकुरला. कुणीतरी चाचपडलं. मग आवाज आला, "हां... हां. आहे, आहे. कपाळावरच आहे. उगाच ओरडलो."

मघा हसलेलं सभागृह एकदम चिडीचूप झालं. डॉक्टरांच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. भाषण त्यांना तेव्हाही आठवलं नाही. ते फक्त म्हणाले, "ओरडा हो, बाबा. कितीही ओरडा." काकूंनी दुसऱ्या हाताने दिवे हळूहळू मालवले, कारण याच्यापुढे काही बोलायचं नव्हतं, हे त्यांना पाठीमागूनही दिसत होतं.

टाळ्या थांबेनात. लोक उठायलाच तयार नव्हते. मास्तर मात्र लालबुंद होऊन विंगेत आले.

"काकू! ते काय होतं?"

"शांतता."

"शांततेत काका?"

"आमच्या घरची आहे," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे अशीच असते."

मास्तर विंगेत पडलेल्या राजाच्या सिंहासनावर बसले आणि पोट धरून हसत सुटले. सभागृहाचा माणूसही हसायला लागला. त्या गडबडीत काकूंनी आपला हात पुढे केला आणि बोटांचं सगळं सांगून टाकलं, सकाळच्या कोमट पाण्यासकट. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "अहो, आधी सांगायचं! बटणं सावकाश दाबा. घाई कुणाला आहे? आणि ती शांतता पुसू नका. पुढच्या रविवारी तीच हवी."

तीच राहिली. नाटक चाललं, इतकं चाललं, की डॉक्टरांचं भाषण कुणालाच पुन्हा आठवलं नाही. काका मात्र चढून बसले. जाहिरातीच्या फलकावर आपलं नाव हवं, म्हणून त्यांनी मास्तरांच्या मागे भुणभुण लावली, आणि शेवटी खाली बारीक अक्षरांत आलं: "वडिलांचा आवाज – काका." खेळाच्या दिवशी ते सकाळपासून गरम पाण्याच्या गुळण्या करत.

"अहो, तुम्ही रेकॉर्डमध्ये आहात," काकू म्हणायच्या. "गुळण्या कशाला?"

"कलावंताने घसा जपावा."

काही दिवसांनी दुरुस्तीवाला धावत आला. प्लेयरची आणखी नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यात ती चौकट परत आली होती. "काकू, बघा! बऱ्याच जणांनी कटकट केली म्हणे." काकूंनी चौकट बघितली, जुनी मैत्रीण भेटावी तशी हसल्या, आणि तिच्यावर खूण केली नाही.

"मग इतकं रान उठवलंत कशाला?"

"आहे म्हणून कळलं, बरं वाटलं. असू दे तिथे."

त्या नाटकाचा शेवटचा खेळ झाला, त्याच दुपारी काकूंनी खुर्ची सोडली. कुणी उठवलं नाही, त्या उठल्या. खुर्ची त्यांनी पोस्टातल्या बाईंना दिली, आणि कोणतं बटण घाई करतं, कोणतं रुसतं, ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "शांतता लावायच्या आधी एकदा पूर्ण ऐक. आणि ऐकून झाली की काही पुसू नकोस."

लोक पांगले. काका दारात उभे राहून सभागृहाच्या माणसाला सायकलची गोष्ट सांगत होते. तो बापडा किल्ल्या हातात घेऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. काकूंनी वायरी गुंडाळल्या, दिव्यांची बटणं एकेक खाली केली आणि मग, दर खेळानंतर करत तसं, रिकाम्या रांगांमध्ये उतरल्या. फोनचा उजेड लावला. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीखाली हात घातला. चष्मा तिथेच होता. आपला आवाज ऐकताना काका तो काढायचे, मांडीवर ठेवायचे, आणि टाळ्या वाजवायला उठले की तो खाली.

काकूंनी काचा रुमालाने पुसल्या.

"अगं ए," दारातून हाक आली, "माझा चष्मा..."

"आणतेय," काकू म्हणाल्या, आणि सायकलची गोष्ट संपेपर्यंत पहिल्या रांगेत निवांत बसून राहिल्या.